टाळ्या ठकाला का मिळतात?

प्रश्न : दिवाळीच्या सुटीत आम्ही घरातल्या सगळ्यांनी मिळून ‘स्पेशल छब्बीस’ पाहिला. शेवटी खोटे छापे घालणारी टोळी सगळ्यांच्या हातावर तुरी देऊन निसटते तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या सासऱ्यांनीही. मागच्या वर्षी त्यांनाच एकाने ‘मी मिलिटरीत आहे, बदली झाली म्हणून स्कूटर विकायची आहे’ असं फोनवर सांगून गंडा घातला होता. त्यानंतर कितीतरी दिवस ते कुणाशी धड बोलत नव्हते. मग तसल्याच माणसाची गोष्ट त्यांना आवडते कशी? सिनेमातली घटना खरी आहे का? आणि फसलेल्या माणसाच्या बाजूने काढलेला एखादा सिनेमा आहे का?
— एक वाचक, भिंगार

उत्तर : ताई, तुमच्या मधल्या प्रश्नापासून सुरुवात करतो. त्याचं उत्तर कळलं की बाकीचे दोन सोपे होतात.

घटना खरी आहे. मार्च १९८७ मध्ये मुंबईच्या एका इंग्रजी दैनिकात छोटी जाहिरात आली. गुप्तवार्ता अधिकारी आणि सुरक्षा अधिकारी या पदांसाठी तडफदार पदवीधर हवेत, मुलाखती ताजमहाल हॉटेलात. मोन सिंग नावाने वावरणाऱ्या एका माणसाने तिथे मुलाखती घेतल्या आणि २६ जण निवडले. १९ मार्चला त्यांना बसमध्ये बसवून तो ऑपेरा हाऊसजवळच्या त्रिभुवनदास भीमजी झवेरी यांच्या पेढीवर घेऊन गेला. उमेदवारांना सांगितलं होतं की हा सरावाचा छापा आहे. पेढीत शिरल्यावर त्याने वॉरंट दाखवलं, फोन करायला मनाई केली, दागिन्यांचे ‘नमुने’ घेतले, पिशव्यांत भरून सीलबंद केले. मग उमेदवारांना दुकानावर लक्ष ठेवायला सांगून माल घेऊन तो बाहेर पडला. पुन्हा कुणाला दिसला नाही. गेलेल्या ऐवजाची किंमत ३० ते ३५ लाखांच्या घरात सांगतात. माणूस आजतागायत सापडलेला नाही.

आता त्या दुकानातलं चित्र जरा थांबून बघा. आत सत्तावीस माणसं छापा घालताहेत आणि त्यांतला एकच जण खोटा आहे. बाकीचे सव्वीस पूर्ण खरे. कडक इस्त्रीचे कपडे घालून आलेले, नोकरीचा पहिला दिवस म्हणून जिवाच्या आकांताने काम करणारे. दाराशी उभं राहा म्हटलं की हलत नाहीत, कुणाला बाहेर सोडू नका म्हटलं की सोडत नाहीत. पेढीवरच्या माणसांना संशय आला नाही याचं मुख्य कारण ही मुलं आहेत. भाड्याचे नट आणले असते तर कुणीतरी अडखळलं असतं, कुणाची तरी नजर चुकली असती. मोन सिंगने नट आणलेच नाहीत. त्याने बेकारांची उमेद आणली. १९८७ मध्ये पदवी हातात घेऊन मुंबईत वणवण करणाऱ्याला ताजमध्ये मुलाखत म्हणजे काय वाटलं असेल याची कल्पना करा. लष्करी छावणीशेजारच्या भिंगारमध्ये तर ती फार अवघड जाऊ नये. लष्कर भरतीच्या दिवशी पहाटेपासून मैदानाबाहेर ताटकळणारी पोरं तुम्ही पाहिली असतीलच.

त्या दुपारी फसवणुका दोन झाल्या. पेढीला भीतीने फसवलं आणि उमेदवारांना आशेने. पेढीचा तोटा रुपयांत मोजला गेला, छापून आला, आजही सांगितला जातो. सव्वीस जणांचा तोटा कुणी मोजला नाही. संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी आईबापांना काय सांगितलं असेल?

नीरज पांडे यांचा सिनेमा ८ फेब्रुवारी २०१३ रोजी आला. अक्षय कुमार, अनुपम खेर, जिमी शेरगिल, मनोज बाजपेयी. काम सगळ्यांचंच चोख. पांडे यांनी मूळ घटना घेतली, तिच्या आधी मंत्र्याच्या घरावरचा आणि व्यापाऱ्यावरचा असे खोटे छापे जोडले आणि शेवटाला नवी कलाटणी दिली. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर या जोडकामात आहे. सिनेमातला मंत्री भ्रष्ट आहे, व्यापाऱ्याकडे काळा पैसा आहे. लुटले गेले तरी ते तक्रार करू शकत नाहीत, कारण पैसा आला कुठून हे सांगावं लागेल. इथे प्रेक्षकाचं मन मोकळं होतं. ज्याला लुटलं तो लुटण्याच्याच लायकीचा होता, मग पाप कसलं? खऱ्या घटनेत ही सोय नव्हती. भरदिवसा उघड्या दुकानात गिऱ्हाइकं होती, नोकर होते.

दुसरं कारण कॅमेरा कुठे ठेवला आहे त्यात आहे. ठकाचा बेत आपल्याला आधी कळतो, फसणाऱ्याला नंतर. ज्याच्याबरोबर आपण बेत ऐकला त्याचे आपण साथीदार होतो, आणि बेत फिसकटू नये असं वाटायला लागतं. ‘द स्टिंग’ (१९७३) हा हॉलिवूडचा सिनेमा याच बळावर उभा आहे आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह सात ऑस्कर मिळाली. तिथे तर शेवटी प्रेक्षकालाही गंडवतात आणि प्रेक्षक खूश होऊन घरी जातो.

पण तुमच्या सासऱ्यांच्या टाळ्यांमागे मला आणखी एक गोष्ट दिसते. साहेबाच्या दरडावणीपुढे आपण आयुष्यभर मान खाली घालतो. कचेरीत, ठाण्यात, बँकेच्या खिडकीशी. सिनेमात कुणीतरी तीच दरडावणी उचलतो आणि मंत्र्यावर वापरतो. मंत्री घाबरतो, घाम पुसतो. आयुष्यभर खिडकीच्या अलीकडे उभं राहिलेल्या माणसाला यात न्याय मिळाल्यासारखं वाटलं, तर त्याला दोष देता येणार नाही. ही युक्ती जुनी आहे. रशियन लेखक गोगोलच्या १८३६ सालच्या नाटकात एका फटिंगाला गावातले अधिकारी वरून आलेला तपासनीस समजतात आणि त्याच्यापुढे लोटांगण घालतात. पु. ल. देशपांडे यांनी त्याचा मराठी ‘अंमलदार’ केला आणि तो इथलाच वाटला, कारण अंमलदाराचा धाक आपल्या अंगवळणी होताच. आज हाच अंमलदार व्हिडिओ कॉलवर येतो. मागे अशोकस्तंभाचं चित्र, अंगात खाकी, ‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कॉल तोडायचा नाही, दुसऱ्या कुणाला फोन करायचा नाही.’ मोन सिंगनेही पेढीवर फोन करायला मनाईच केली होती. अशी अटक कायद्यात कुठेही नाही, तरी शिकली-सवरलेली माणसं तासन्‌तास कॅमेऱ्यापुढे बसून राहतात आणि पैसे पाठवतात.

आशेने फसण्याची आपल्याकडची मोठी गोष्ट पानिपतानंतरची. १७६१ मध्ये सदाशिवरावभाऊ रणात पडले, पण पुष्कळांना ते मान्य करवत नव्हतं. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी सौभाग्यलेणी उतरवली नाहीत. आणि मग ‘मीच भाऊ’ म्हणणारा तोतया उभा राहिला. पकडला गेला, कैदेतून सुटला, त्याच्यामागे फौज जमली, अखेर १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहान्त शासन झालं. न. चिं. केळकरांनी त्यावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिलं. त्याच्यामागे गेलेल्या सगळ्यांना मूर्ख म्हणायला माझं मन घेत नाही. घरचं माणूस जिवंत आहे असं कुणी सांगितलं तर पुरावा मागायला फार कठोर काळीज लागतं.

ठकांमधलं अलीकडचं सर्वांत मोठं नाव आपल्या सीमाभागातलं, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या अब्दुल करीम तेलगीचं. त्याच्यावरची ‘स्कॅम २००३’ ही मालिका २०२३ मध्ये आली, तीत गगन देव रियार यांनी तेलगी उभा केला आहे. खानापूरला रेल्वेत फळं-शेंगा विकणारा पोरगा मुद्रांक विक्रीचा परवाना मिळवतो, नाशिकच्या सरकारी छापखान्यातली भंगारात निघालेली यंत्रं पदरात पाडून घेतो आणि बनावट मुद्रांक छापून बँका, विमा कंपन्यांना घाऊक विकतो. पहिले भाग पाहताना त्याचं कौतुक वाटतं, हे मी कबूल करतो.

मुद्रांक म्हणजे काय हे मात्र आठवा. तेलगीच्या काळात तहसीलच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली मुद्रांक विक्रेता बसलेला असायचा. तो नोंदवहीत नाव, गाव, कारण लिहायचा, कागदावर अनुक्रमांक टाकायचा, शिक्का मारायचा, समोरच्याची सही किंवा अंगठा घ्यायचा. पाथर्डी-शेवगावकडून एसटीने आलेला माणूस तो कागद घडी न पडू देता पिशवीत वर्तमानपत्राच्या मध्ये ठेवायचा, कारण त्याच्यावर त्याच्या जमिनीचं खरेदीखत व्हायचं असे. खऱ्या-खोट्याची पारख करायचं कुठलंच साधन त्याच्याकडे नसे. राज्याने हमी दिली आहे एवढाच त्याचा आधार. तेलगीने हात घातला तो या हमीला. आणि पोलीस, राजकारणी यांची साथ असल्याशिवाय तो इतका पसरला नसता.

इथे तुमच्या जिल्ह्याचा संबंध येतो. राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने निवृत्त पोलीस अधिकारी एस. एस. पुरी यांच्या देखरेखीखाली विशेष तपास लावला. त्यातून मोठमोठे अधिकारी गजाआड गेले. मुंबईचे पोलीस आयुक्त रणजित शर्मा यांना डिसेंबर २००३ मध्ये, निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी अटक झाली. तेलगीला २००७ मध्ये १३ वर्षांची शिक्षा आणि २०२ कोटींचा दंड झाला, २०१७ मध्ये तो बंगळुरूत मेला. एका याचिकेने तपासाची दिशा बदलली यावर खरं तर वेगळा सिनेमा व्हायला हवा. तो कुणी काढत नाही, कारण याचिकेत पाठलाग नसतो.

पाठलाग असलेला ‘कॅच मी इफ यू कॅन’ (२००२) तुम्ही पाहिला असेल. स्पीलबर्गचा, लिओनार्डो डिकॅप्रिओचा. फ्रँक अबॅग्नेल नावाचा पोरगा वैमानिक होतो, डॉक्टर होतो, वकील होतो, खोटे चेक वटवत जग फिरतो. ‘सत्यकथेवर आधारित’ असं त्याचं नाव झालं. पुढे अॅलन लोगन या लेखकाने कागदपत्रं काढली तेव्हा दिसलं की ज्या काळात हे पराक्रम झाल्याचं सांगितलं जातं त्यातला मोठा भाग हा गृहस्थ न्यूयॉर्क राज्यातल्या तुरुंगात होता. म्हणजे चेकपेक्षा मोठी थाप त्याच्या आत्मकथेची होती, आणि तिच्यावर जगभरातल्या प्रेक्षकांनी तिकिटं काढली. ठकाच्या तोंडून ठकाची कथा ऐकताना हे लक्षात ठेवलेलं बरं.

आता फसलेल्यांच्या बाजूचे सिनेमे. त्याआधी पोलिसाच्या बाजूचा एक: ‘इन्स्पेक्टर झेंडे’ २०२५ मध्ये आला, दिग्दर्शक आपले चिन्मय मांडलेकर. ठक आणि खुनी चार्ल्स शोभराज १९८६ च्या मार्चमध्ये गुंगीचं औषध घातलेली मिठाई चारून तिहारमधून पळाला आणि मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंडे यांनी ६ एप्रिलला त्याला गोव्यात पर्वरीच्या ‘ओ कोकेरो’ हॉटेलात पकडलं. शोभराजवर याआधीही सिनेमे आले, त्यांत त्याचा रुबाबच जास्त. त्याने माणसं मारली आहेत हे त्या रुबाबाआड दिसेनासं होतं. झेंड्यांकडून गोष्ट सांगितली की ते पुन्हा दिसायला लागतं.

सासऱ्यांविषयी एक सांगतो, कारण तुमच्या पत्रातली खरी कळ ती आहे. लष्कराचा माणूस म्हणून फसवणारे एक ठरावीक वाट धरतात. ओळखपत्राचा फोटो, गणवेशातला फोटो, मग ‘गाडी कॅम्पच्या गेटवर लावली आहे, वाहतुकीचे एवढे भरा, ते परत मिळतील’, मग गेटपासचे, मग पावती चुकली म्हणून पुन्हा. रक्कम दर वेळी थोडीच असते. आधीचे वाचवण्यासाठी माणूस पुढचे भरतो. छावणीशेजारी राहणाऱ्याचा जवानावर भरवसा असतो, कारण त्याने रोज खरे जवान पाहिलेले असतात. तुमच्या सासऱ्यांनी पैसे त्या भरवशापोटी भरले, आणि तो भरवसा चुकीचा नव्हता. असं पुन्हा कुणाबाबत झालं तर त्याच तासाला १९३० वर फोन करायला सांगा. पैसे पुढे सरकायच्या आत अडवता येण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते.

आणि त्यांना घेऊन सई परांजपे यांचा ‘कथा’ (१९८३) पाहा. मूळ शं. गो. साठे यांचं मराठी नाटक ‘ससा आणि कासव’. चाळीत राहणारा सरळमार्गी राजाराम, म्हणजे नसीरुद्दीन शाह, आणि त्याच्या खोलीत येऊन पथारी पसरणारा बाशू, म्हणजे फारुख शेख. बाशू थापा मारतो, राजारामच्याच कंपनीत नोकरी मिळवतो, चाळ खिशात टाकतो आणि राजारामचा जिच्यावर जीव आहे त्या संध्यालाही. फारुख शेख इतका गोड दिसतो की आपणही चाळकऱ्यांबरोबर वाहवत जातो. मग लग्नाच्या तोंडावर बाशू पसार होतो. दुसरा कुठलाही दिग्दर्शक असता तर कॅमेरा त्याच्याच मागे राहिला असता. परांजपे गोष्ट चाळीतच ठेवतात, संध्याजवळ आणि राजारामजवळ. दीप्ती नवलने तो भाग फार संयमाने केला आहे. फसल्यानंतर माणसाला काय लागतं, तर शेजारी बसणारं, ‘तुला कळायला हवं होतं’ असं न म्हणणारं कुणीतरी, हे या सिनेमाइतकं स्पष्ट मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. साठ्यांचं नाटक वाचायचं असेल तर नगरच्या जिल्हा वाचनालयात चौकशी करा.