टेस्टिंगचा कोड गिऱ्हाईकाकडे जाऊ देऊ नका

आपल्या पारनेर तालुक्यात गावोगावी दूध संकलन केंद्रं आहेत. समजा, तुम्ही त्यांच्यासाठी सी शार्प भाषेत बिलाचं सॉफ्टवेअर बनवताय. घरी टेस्टिंग करताना फॅट मशीन जोडलेलं नसतं, म्हणून कोडमध्येच ठरावीक रीडिंग टाकता: फॅट ३.५, एसएनएफ ८.५. पण हीच ओळ केंद्रावर गेली तर? ४.२ फॅटचं दूध घालणाऱ्याला ३.५ चा भाव मिळणार. पैसे शेतकऱ्याचे जाणार आणि नाव तुमचं खराब होणार.

यावरचा उपाय भाषेतच आहे. खोटं रीडिंग ‘हॅश इफ डीबग’ या ओळीखाली लिहा, मशीन वाचणारा कोड ‘हॅश एल्स’खाली, आणि शेवटी ‘हॅश एंडइफ’.

‘डीबग’ हे चिन्ह तुम्हाला बनवावं लागत नाही. व्हिज्युअल स्टुडिओच्या नव्या प्रोजेक्टमध्ये डीबग बिल्ड करताना ते आधीच दिलेलं असतं, रिलीज बिल्डमध्ये नसतं. ते नसलं की कंपायलर त्याखालच्या ओळी सोडूनच देतो. साध्या ‘इफ’मध्ये निर्णय प्रोग्राम चालताना होतो. इथे तो कंपाइल करतानाच होतो, त्यामुळे गिऱ्हाईकाच्या फाइलमध्ये खोटं रीडिंग जातच नाही.

आता तीन गोष्टी वहीत लिहून घ्या.

१. चिन्हाचं स्पेलिंग सगळं कॅपिटल अक्षरांत. चुकलं तर एरर येत नाही! ‘असं चिन्ह नाही’ असं धरून कंपायलर पुढे जातो.

२. म्हणूनच खरा कोड कायम ‘एल्स’खाली ठेवा. उलटं करून ‘हॅश इफ रिलीज’ लिहिलं आणि स्पेलिंग चुकलं, तर खोटं रीडिंग थेट केंद्रावर जाईल. शिवाय जुन्या डॉट नेट फ्रेमवर्कच्या प्रोजेक्टमध्ये ‘रिलीज’ हे चिन्ह आपोआप मिळत नाही.

३. गिऱ्हाईकाला द्यायची फाइल रिलीज बिल्डचीच हवी. नुसती ‘डॉटनेट बिल्ड’ ही कमांड दिली तर डीबग बिल्ड होतो. तिथे रिलीज सांगावं लागतं.

आणि सॉफ्टवेअर बसवल्यावर लगेच पैसे मागू नका. आधी केंद्रावर गाईचं आणि म्हशीचं, असे दोन नमुने मशीनला लावा. दोन्हींचं फॅट सारखंच दिसलं, तर समजा की चुकीची फाइल आली. दूध घालायला माणसं यायच्या आत ती बदला.