खांदा बांधलेला, पाय मोकळे

पावसाळ्यात ओल्या पायरीवरून घसरले. उजव्या खांद्याचा स्नायूबंध फाटला, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली आणि हात झोळीत गेला. वय पन्नाशीपुढचं, घर सीवूड्सला, नोकरी फोर्टात. त्या काळात जे उमगलं ते लिहिते आहे. प्रत्येकाची दुखापत निराळी असते, म्हणून यातला कुठलाही व्यायाम आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

१. विश्रांती खांद्याला सांगितलेली असते, सगळ्या अंगाला नाही. हात बांधलेला दिसला की घरचे आपल्याला पलंगावर बसवतात, आणि आपणही बसतो. खांद्याचा सांधा उखळीचा खरा, पण ती उखळ बशीइतकी उथळ. हाड जागेवर धरायचं काम मुख्यतः भोवतालचे चार स्नायू करतात, ज्यांना डॉक्टर ‘रोटेटर कफ’ म्हणतात. त्यातला शिवलेला भाग हाडाला धरेपर्यंत बहुधा चार ते सहा आठवडे झोळी असते. तेवढ्या दिवसांत मांड्या ढिल्या पडतात, मधुमेह असेल तर साखर चढते, झोप बिघडते. यातलं काहीच खांद्याने मागितलेलं नसतं.

२. चालायची जागा नीट निवडावी. या बाबतीत नवी मुंबईकर नशीबवान. नेरूळ-सीवूड्सचा पाम बीच रस्त्याकडचा भाग खाडीलगतच्या सखल जमिनीवर वसलेला, त्यामुळे चढउतार जवळजवळ नाही. भरतीचं आणि पावसाचं पाणी सांभाळायला सिडकोने जे धारण तलाव ठेवले, त्यातल्याच एकाभोवती ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’चा फिरायचा रस्ता आहे. पण हात झोळीत असताना तोल बदलतो, हे आधी कोणी सांगत नाही. चालताना दोन्ही हात झुलतात ते तोलासाठीच. एक बांधला की शरीर एका बाजूला कलतं आणि ठेच लागली तर सावरायला हात नसतो. म्हणून पावसाळ्यात शेवाळलेल्या पेव्हर ब्लॉकवर मी पाऊल टाकलं नाही. इमारतीखालच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारल्या. वॉचमनला सुरुवातीला वाटलं, माझं काहीतरी हरवलंय. स्टेशनांचाही उपयोग केला. सिडकोच्या काळातली इथली स्टेशनं इतकी ऐसपैस आहेत, की दुपारी गर्दी नसताना छपराखाली निवांत चालता येतं. बूट मात्र न घसरणारे हवेत, नाडीऐवजी चिकटपट्टीचे. एका हाताने नाडी बांधून पाहा म्हणजे कळेल.

३. बोटं, मनगट आणि कोपर यांना विसरू नये. झोळीत हात नुसता पडून राहिला की तळवा सुजतो आणि कोपर आखडतं. मऊ चेंडू दाबत राहावा. हा व्यायाम टीव्हीपुढेही होतो.

४. लोलकाचा व्यायाम दिसायला पोरकट, पण तो सोडू नये. चांगला हात ओट्यावर टेकून कंबरेत वाकायचं, दुखरा हात सैल लोंबू द्यायचा आणि धड हलवून त्याला आपोआप झुलू द्यायचं. खांद्याच्या स्नायूंनी तो हलवायचा नाही, सगळी मेख इथे आहे. माझी फिजिओ सारखी म्हणायची, “काकू, तुम्ही हलवताय, तो हलत नाहीये.” स्वयंपाकघरात आयुष्य काढलेल्या बाईला हात सैल सोडणं किती जड जातं, हे तिच्यापुढे उभं राहिल्यावर समजलं.

५. घरकाम म्हणजे व्यायाम नव्हे, पण काही कामं चालतात. परवानगी मिळाल्यावर कोपर कुशीला लावून जे जमतं ते करावं: भाजी निवडणं, लसूण सोलणं, रुमालांच्या घड्या. वरच्या फळीवरचा डबा, दोरीवर चादर टाकणं, बादली उचलणं, कणीक मळणं हे बरंच पुढचं. पोळी लाटताना खांदा पुढे रेटला जातो आणि ते पुन्हा पुन्हा होतं. आमच्याकडे पोळ्या तेव्हापासून नवऱ्याकडे आहेत. त्यांच्या आकाराबद्दल मी बोलत नाही, कारण बोलले तर लाटणं परत माझ्या हातात येईल.

६. लोकलमध्ये झोळी घालावी, घरी नसली तरी. डॉक्टरांनी ती काढायला सांगितल्यावरही प्रवासापुरती मी ठेवली, अर्थात त्यांना विचारून. झोळी दिसली की बायका धक्का देताना विचार करतात. उभं राहून कडी धरणं तर नकोच, कारण ब्रेक लागला की सगळा झटका खांद्याला बसतो. मी उलटी एक स्टेशन बेलापूरला जायचे आणि तिथून सुटणारी लोकल पकडून बसून जायचे. खिडकीची जागा, दुखरा खांदा पत्र्याकडे. तिघांच्या बाकावरची चौथी सीट रिकामी असली तरी घ्यायची नाही, तिथे आयतीच खांद्याला खांद्याची घसट.

७. दुखणं ओळखायला शिकावं. भिंतीवर बोटं चढवत हात वर नेताना जी ओढ बसते ती थोड्या वेळात विरते. रात्रभर ठणकलं, तर दिवसा जास्त झालं असं समजून दुसऱ्या दिवशी कमी करावं. मुंग्या, बधिरता, ताप किंवा जखमेतून पाणी असेल तर सरळ डॉक्टर गाठावा. दुखतं म्हणून हात पोटाशी धरून ठेवणंही वाईट. खांदा गोठतो, आणि मधुमेह्यांचा तर अधिकच.

८. क्रिकेटपटूंशी तुलना करायची तर पूर्ण करावी. मुलगा सांगायचा, श्रेयस अय्यर बघ कसा परत आला. बघितलं. मार्च २०२१ मध्ये पुण्यात इंग्लंडविरुद्ध क्षेत्ररक्षण करताना त्याचा डावा खांदा निखळला, एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाली, मैदानात आला सप्टेंबरमध्ये. विशीतला धडधाकट मुलगा, दिमतीला फिजिओंचा ताफा, तरी एवढे महिने. २००६ मध्ये खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर सचिनलाही वेस्ट इंडिजचा दौरा सोडावा लागला होता. मग माझ्या वरच्या फळीवरच्या डब्याची घाई कशाला?

९. थंडीत खाडीवर रोहित पक्षी आले, तेव्हा दुर्बीण डोळ्यांपर्यंत नेणं हाच माझा व्यायाम झाला. आधी कोपरं कठड्यावर टेकवून, मग न टेकवता. मोजण्यासारखं, आवडीचं काहीतरी समोर असलं की फिजिओची वही कमी कंटाळवाणी वाटते.

१०. सूर्यनमस्कार अजून नाहीत. हातांवर अंगाचा भार येतो तिथे खांद्याची खरी परीक्षा असते. योगवर्ग मात्र सोडला नाही. खुर्चीवरून उठबस, टाचा उचलणं, श्वसन हे चालतं. बाकीचे नमस्कार घालतात तेव्हा मी त्यांचे आकडे मोजते, आणि कोणी बाराच्या आत थांबलं तर नाव घेऊन सांगते.