चोवीस गुरू आणि खिशातला फोन



दत्तजयंतीच्या अंकात अवधूताच्या चोवीस गुरूंवर दरवर्षी कुणीतरी लिहितोच. पृथ्वी क्षमा शिकवते, समुद्र गांभीर्य शिकवतो, हे आपल्याला पाठच आहे. मीही त्याच विषयावर लिहिणार आहे, पण जरा निराळ्या अंगाने. गेली दोन-तीन वर्षे आपल्या आरतीच्या मंडळींत देवाच्या खालोखाल कशाबद्दल बोलणे होत असेल, तर ते फोनबद्दल. आणि ते बोलणे बहुतेक भीतीचेच असते. कुणाला पोलिसाच्या नावाने फोन आला, कुणाला पेन्शनचे खाते आज रात्री बंद होणार असा मेसेज आला, कुणाला मध्यरात्री धरणाची बातमी आली आणि सकाळपर्यंत डोळा लागला नाही. मी कॉमर्सचा पदवीधर, आयुष्यभर बँकेत कारकुनी केलेली. शास्त्राचा अधिकार माझा नाही. पोथी वाचताना जे दिसले तेवढे मांडतो.

ही कथा भागवताच्या एकादश स्कंधात, सातव्या ते नवव्या अध्यायात आहे. श्रीकृष्ण ती उद्धवाला सांगतात. यदु राजाला एक अवधूत भेटतो, तोच आपल्या संप्रदायाच्या श्रद्धेने दत्तात्रेय. राजा त्याला विचारतो, की सगळे लोक काम-लोभाच्या वणव्यात होरपळत असताना तू एकटा गंगेच्या पाण्यात उभ्या असलेल्या हत्तीसारखा गार कसा? यावर अवधूताने एखादा मंत्र सांगून राजाची बोळवण केली नाही. मी काय काय बघितले आणि त्यातून काय घेतले, हे त्याने सांगितले. एकनाथ महाराजांनी याच स्कंधावर मराठीत टीका लिहून १५७३ मध्ये ती काशीत पूर्ण केली. तेव्हापासून हे चोवीस गुरू आपल्या घराघरांत आले.

एक गोष्ट मात्र आपण वाचताना भरकन ओलांडून जातो. या चोवीसांतले पतंग, हरिण, मासा, हत्ती, कपोत, भुंगा आणि मधमाशी हे गुरू स्वतः फसलेले आहेत. त्यांनी उपदेश केला नाही, ते सापडले, आणि अवधूताने ते सापडताना पाहिले. आपल्या आजच्या भीतीवर मला सगळ्यांत जास्त उपयोग यांचा वाटतो.

कपोताचे बघा. चोवीसांत याची गोष्ट चांगली लांबलचक आहे, आणि ती उगीच लांब नाही. कबुतराची जोडी, घरटे, पिल्ले, त्यांचे लाड. एक दिवस दोघे चारा आणायला गेलेले असताना पारधी पिल्लांना जाळ्यात पकडतो. मादी येते, पिल्लांचा आकांत ऐकते आणि सरळ जाळ्यात शिरते. नर झाडावरून जाळे बघतो. ते जाळे आहे हे त्याला कळते, तरीही तो जातो. पारध्याला काहीच करावे लागले नाही, फक्त पिल्लांचा आवाज पुरला.

“तुमचा मुलगा पोलीस ठाण्यात आहे, आता पैसे भरले नाहीत तर केस होईल” हा फोन हुबेहूब तोच डाव आहे. मागे कुणीतरी रडत असतो, “बाबा, वाचवा” म्हणतो. हल्ली थोड्याशा रेकॉर्डिंगवरून कॉम्प्युटर माणसाच्या आवाजाची नक्कल करतो, त्यामुळे आवाज ओळखीचा वाटला म्हणून खरा मानण्याचे दिवस गेले. अशा वेळी माणूस मूर्ख असतो म्हणून फसत नाही हो. त्याचे लेकरावर प्रेम असते म्हणून फसतो. कपोताला मूर्ख म्हणून हसणारे भेटतात, मला ते आवडत नाही. करायचे एवढेच, की तो फोन ठेवायचा आणि मुलाच्या नेहमीच्या नंबरावर आपण स्वतः फोन लावायचा. त्याने उचलला नाही तर सुनेला, नाहीतर त्याच्या मित्राला. चार मिनिटे लागतात. पारधी ती चार मिनिटेच देत नाही, “फोन ठेवू नका, फोन ठेवू नका” म्हणत राहतो. त्यावरूनच ओळखावे.

आता आपल्या आरतीतलीच एक हकीकत सांगतो. नाव लिहीत नाही, पण त्यांची संमती घेतली आहे. एक निवृत्त गुरुजी, गुरुवारच्या आरतीला झांज त्यांची. पाऊस असो, गुडघे दुखोत, त्यांचा गुरुवार चुकत नाही. मागच्या वर्षी एका गुरुवारी झांज वाजली नाही. आरतीनंतर आम्ही दोघे त्यांच्या घरी गेलो. वहिनी म्हणाल्या, “सकाळपासून खोलीत आहेत. मीटिंग आहे म्हणतात. जेवलेपण नाहीत.” निवृत्त शिक्षकाची कसली आलीय मीटिंग! दार ढकलले तर गुरुजी खुर्चीत ताठ बसलेले, समोर फोन उभा करून ठेवलेला आणि पडद्यावर खाकी गणवेशातला माणूस. गुरुजींनी आम्हाला तोंडावर बोट ठेवून खूण केली. माझ्याबरोबरच्यांनी पुढे होऊन फोनच बंद केला.

मग हळूहळू कळले. तुमच्या आधार कार्डावर खाते उघडून काळा पैसा फिरवला आहे, तुम्ही ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये आहात, कॅमेऱ्यासमोरून हलायचे नाही, कुणाला सांगितलेत तर त्यालाही आत घेऊ. दुपारी फोन चालू ठेवूनच गुरुजींना बँकेत पाठवले होते आणि “तपासणीसाठी” म्हणून दोन लाख रुपये वळते करून घेतले होते. दुसऱ्या दिवशी मुदत ठेव मोडायची ठरली होती. आम्ही तिथूनच १९३० हा सायबर गुन्ह्यांचा सरकारी मदत क्रमांक लावला. पुढच्या खात्यात अडकलेली काही रक्कम थांबवता आली, बाकीची गेली. पाणी पिऊन झाल्यावर गुरुजी पहिले वाक्य काय बोलले असतील? “मला वाटलं, हिला सांगितलं तर हीपण अडकेल.” पुन्हा कपोतच!

डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट आपल्या देशाच्या कोणत्याही कायद्यात नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्येही हे सांगितले होते. पोलीस व्हिडिओवर कुणाला अटक करत नाहीत आणि तपासणीसाठी पैसे मागत नाहीत. हे गुरुजींनी वर्तमानपत्रात वाचलेही होते. पण भीतीने माणूस एकदा कोंडला गेला, की वाचलेले आठवत नाही.

इथे मला कुमारीची गोष्ट आठवते. मुलीला बघायला पाहुणे आलेत, घरात दुसरे कुणी नाही, म्हणून ती आतल्या खोलीत भात कांडायला बसते. कांकणे वाजतात. घरची गरिबी बाहेर कळेल म्हणून ती एकेक कांकण काढत जाते. दोन उरतात, तरी वाजतातच. एक उरते तेव्हा आवाज थांबतो. अवधूत यातून एकांत शिकला. मग शंका येते, की गुरुजीही एकांतातच बसले होते की! दार लावलेले, बोलणे बंद, नजर एका ठिकाणी. वरून बघितले तर साधकाचे आसन आणि ते आसन सारखेच दिसेल. माझ्या अल्प बुद्धीला फरक असा दिसतो, की कुमारीने कांकणे स्वतःच्या हाताने उतरवली. गुरुजींची दुसऱ्याने उतरवून घेतली. साधनेचा एकांत केव्हाही दार उघडून उठता येईल असा असतो. “कुणाला सांगू नका” अशी अट घालून जो एकांत लादला जातो, तो पारध्याचा.

आणि ज्याचे आपण संकटकाळी पाठ करतो, तो गुरुचरित्राचा चौदावा अध्याय काय सांगतो? क्रूर अधिपतीने बोलावणे पाठवले आहे, गेलो तर जीव जाणार, हे सायंदेवाला ठाऊक आहे. तो पहिले काम कोणते करतो? श्रीगुरूंपाशी येऊन आपली भीती बोलून दाखवतो. भीती त्याने पोटात ठेवली नाही. श्रीगुरूंनी मस्तकावर हात ठेवला, निर्भयपणे जा म्हणाले, आणि तो गेला व सन्मानाने परत आला. आपण शेवटचा चमत्कार लक्षात ठेवतो आणि सायंदेवाचे ते सांगणे विसरतो. काही मंडळी म्हणतात, “महाराज राखतील, मला कशाला कुणाला विचारायचं?” राखतीलच. गुरुजींना त्या दिवशी राखले ते झांजेच्या नेमाने. नेम होता म्हणून नसलेपण जाणवले, आणि ते जाणवणारी माणसे होती. एकट्याने घरी फोनवर आरती ऐकत असते, तर कुणाला कळले असते?

बँकेतली एक पद्धत इथे सांगण्यासारखी आहे. तिजोरीच्या किल्ल्या दोन आणि त्या दोघांकडे. एकट्याने तिजोरी उघडायचीच नाही, मग तो मॅनेजर का असेना. मी लिहिलेले व्हाउचर मीच पास करायचे नाही. यात अविश्वास कुणाला वाटत नसे, कारण नियम सगळ्यांना सारखा. घरीही असेच ठरवावे, असे मी आता सगळ्यांना सांगतो. अमुक रकमेच्या वर पैसे पाठवायचे तर दुसऱ्या एकाला सांगितल्याशिवाय पाठवायचे नाहीत. नवऱ्याने बायकोला विचारावे, बायकोने नवऱ्याला. एकट्या राहणाऱ्याने आरतीतल्या कुणाला तरी ‘दुसरी किल्ली’ नेमावे. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी लागत नाही, हेही ध्यानात ठेवावे. आपली काही चूक नसताना खात्यातून पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर नुकसान आपल्यावर येऊ नये असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे. पण आपणच आपल्या हाताने पाठवलेल्या पैशाला तो कामाला येत नाही. म्हणून किल्ली आधी, नियम नंतर.

हरणाचे थोडक्यात सांगतो. ते कानामुळे सापडते. आपल्या कृष्णाकाठी पावसाळ्यात फोनवर जे चालते ते हरणाचेच. “कोयनेतून एवढे पाणी सोडले, रात्रीत गाव बुडणार” असा मेसेज, सोबत २०१९ च्या पुराचा व्हिडिओ. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणीपातळी मोजतात, ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका. तो आकडा आणि त्याची वेळ बघितली की जीव ठिकाणावर येतो, किंवा खरोखर सामान हलवायचे असेल तर वेळेवर हलवता येते. बिनतारखेचा, बिनसहीचा चेक काउंटरवर आला तर आम्ही तो पास करत नव्हतो, आणि तीन महिने उलटून गेलेला चेक आजही कुठली बँक पास करत नाही. मेसेजलाही तारीख आणि सही बघावी. “हा मेसेज अकरा जणांना पाठवा, नाहीतर महाराजांचा कोप होईल” याला तर दोन्ही नसतात. दत्त महाराज असले धमकीचे मेसेज पाठवत नाहीत, एवढे तरी आपण म्हणू शकतो ना!

पिंगलेबद्दल मात्र मनापासून लिहावेसे वाटते, कारण तिथे ठग कुणीच नाही. विदेह नगरीतली ही वारांगना नटूनथटून रात्रभर दाराशी आत-बाहेर करते. हा येईल, तो येईल. मध्यरात्री ती आशा सोडते आणि शांत झोपते. आपल्यातले कितीतरी जण रोज रात्री हेच करतो. मुलगा अमेरिकेत. इकडे रात्रीचे साडेनऊ झाले की तिकडे कॅलिफोर्नियात सकाळ, तो कामाला निघालेला. आपण पाठवलेल्या फोटोवर दोन निळ्या खुणा उमटलेल्या, म्हणजे त्याने बघितले, पण उत्तर नाही. मग फोन खाली ठेवा, परत उचला. पिंगलेला मिळालेली शांती पोरावरची माया तोडून मिळवावी असे मी म्हणणार नाही, मला ते जमतही नाही. आमच्या घरी एवढेच केले, की रविवारी सकाळी बोलायचे हे मुलाशी ठरवून घेतले आणि बाकीचे दिवस रात्री नऊनंतर फोन बाहेरच्या खोलीत ठेवतो. पहिला आठवडा सौ. दोनदा उठून बघून आली. आता झोपते.

फोनला सगळाच दोष देऊन चालणार नाही. मार्च २०२० मध्ये मंदिरे बंद झाली ती त्या वर्षीच्या दिवाळी पाडव्याला उघडली. त्या महिन्यांत फोनवर पादुकांचे दर्शन झाले, तेव्हा कितीजणांच्या डोळ्यांना पाणी आले होते, ते आठवा. वाडीला दक्षिणद्वार सोहळा असतो तेव्हा पुराच्या पाण्यातून तिथे पोहोचणे आपल्या वयाला शक्य नाही, पण तो दिसतो तर खरा.

यंदाच्या गुरुचरित्र सप्ताहासाठी समितीने एक सोय केली आहे. आमच्या शाखेत जुन्या काळी पैसे काढायला येणाऱ्याला पितळी टोकन देत असत, तशी नंबर घातलेली टोकने करून घेतली आहेत. पारायणाला बसणाऱ्यांनी फोन कपाटात जमा करून टोकन घ्यावे. कपाटाच्या किल्ल्या दोन आहेत, एक पुजारी काकांकडे आणि एक माझ्याकडे. घरच्यांना निकडीचे काही कळवायचे असेल तर मंदिराच्या कार्यालयातला फोन चालू राहील. आरतीच्या वेळापत्रकाखाली फळ्यावर १९३० हा क्रमांकही मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला आहे, तो आपापल्या वहीत उतरवून घ्यावा. झांज गुरुजींचीच आहे.