चित्र घरोघर नेणारे दोन चितारी

भिंतीवर टांगलेलें तैलचित्र एकाच घराची शोभा वाढवितें. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्राचे मात्र शेंकडों ठसे निघतात. हें ज्यानें पुरतें ओळखलें, तो विल्यम हॉगार्थ लंडन शहरांत १६९७ सालीं जन्मला. त्याचा बाप लॅटिन शिकविणारा पंतोजी. कर्ज झालें आणि त्यास तुरुंगांत जावें लागलें. (शिक्षकांची ही रड जुनीच दिसते!) मुलगा चांदीच्या भांड्यांवर नक्षी कोरणाऱ्याकडे उमेदवारीस राहिला. तेथें बसलेला हात त्यानें पुढें लोकांचीं व्यसनें कोरण्याकडे लाविला.

१७५१ सालचें त्याचें 'जिन लेन' हें चित्र विद्यार्थ्यांनीं अवश्य पाहावें. जिन म्हणजे त्या काळची स्वस्त, कडक दारू. पायऱ्यांवर बसलेली झिंगलेली आई तपकीर घेत आहे आणि तिच्या हातून मूल निसटून खालीं पडत आहे. तिला त्याची शुद्धही नाहीं. एका बाजूस सुतार आपली करवत व एक बाई स्वयंपाकाचीं भांडीं गहाण टाकावयास आलीं आहेत. मला तर पडणाऱ्या मुलाइतकाच त्या करवतीचा चटका लागतो. उद्यांची भाकर आजच पिऊन टाकली! चित्र लंडनचें खरें, पण आपल्या या उसाच्या मुलखांत पगाराच्या दिवशीं घरीं न पोंचणारी मजुरी ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस तें परकें वाटणार नाहीं. ठसा एका शिलिंगास मिळे. त्याच वर्षीं पार्लमेंटानें जिनच्या विक्रीवर निर्बंध घालणारा कायदा केला. त्यासाठीं चाललेल्या चळवळीस या चित्राचा हातभार लागला.

महाराष्ट्रांत असाच मार्ग शंकरराव किर्लोस्कर (१८९१–१९७५) यांनीं धरिला. लाहोरास पंडित सातवळेकरांपाशीं ते चित्रकला शिकले. परंतु तैलचित्रांच्या मानमरातबामागें न लागतां त्यांनीं किर्लोस्करवाडीच्या कारखान्यांतून १९२० सालीं मासिक काढलें, आणि भोळ्या समजुती, जातिभेद व स्त्रियांवर लादलेल्या चालीरीती यांवर टांकानें व्यंगचित्रें रेखाटलीं. १९३० सालीं 'स्त्री' मासिकही निघालें. फळ्यावर मास्तरांचें नाक लांबविणाऱ्या आमच्या वर्गांतील चित्रकारांनीं ध्यानांत घ्यावें कीं, या दोघांचाही रोख बहुशः माणसाच्या नाकावर नसून त्याच्या खोडीवर असे.

हॉगार्थचा ठसा दुकानांत जाऊन विकत घ्यावा लागे. शंकररावांचें चित्र टपालानें थेट माजघरांत येई. आणि ज्या रूढीवर तें काढलेलें असे, ती पाळणारीं माणसें पुष्कळदां त्याच माजघरांत बसलेलीं असत.