तेल आधी पाहावे

म्हैसूरच्या सरस्वतीपुरमहून चामुंडी टेकडी चढताना स्वयंचलित गिअरच्या मोटारीचे इंजिन घोंघावते, वेग मात्र वाढत नाही. यालाच गिअर ‘स्लिप होणे’ म्हणतात. दोष टॉर्क कन्व्हर्टरचाच, असे घाईने ठरवले की मोठा खर्च वाया जातो. प्रथम गिअरबॉक्समधील तेल पाहावे. ते कमी असल्यास पुरेसा दाब निर्माण होत नाही. काळे पडून जळका वास येत असल्यास बहुधा क्लचच्या चकत्या झिजलेल्या असतात.

१९०५ साली जर्मन अभियंता हर्मन फोटिंगर यांनी जहाजांसाठी कल्पिलेला हा कन्व्हर्टर इंजिनाची शक्ती तेलाच्या प्रवाहातून पुढे पोहोचवतो. थोडी घसरण त्याच्या स्वभावातच आहे! तो बदलताना केवळ आकार जुळून भागत नाही. ‘स्टॉल’चा वेग, म्हणजे मोटार रोखून धरली असता इंजिन जास्तीत जास्त किती फेरे घेते तो आकडा, मूळ भागाइतकाच हवा. तेलाचा कूलरही धुवावा. अन्यथा जुना धातूचा कीस नव्या कन्व्हर्टरमध्ये शिरतो.