ड्रॉवर अडलाय? आधी खडू घे

अगं माय, थांब! पाय टेकवून ओढू नकोस. मूठ हातात येईल, समोरची फळी सांध्यातून निघेल आणि घरच्या घरी होणाऱ्या कामासाठी मिस्त्रीच्या मागं फिरावं लागेल. "आज येतो, उद्या येतो" करत श्रावण संपतो, हे तुला मी काय सांगू!

आंदणात आलेलं ड्रेसिंग टेबल, त्याचा ड्रॉवर पहिल्याच पावसाळ्यात अडला, म्हणजे पोटात गोळा येतोच. "माहेरचं सामान असलंच" असं कुणी तोंडावर म्हणायच्या आधी नीट समजून घे. लाकूड हवेतली ओल पितं आणि फुगतं. फुगतं तेही रुंदीत. लांबीत जवळपास नाहीच. ड्रॉवरच्या बाजूच्या फळ्या म्हणूनच उंचीला वाढतात आणि वर-खाली घासायला लागतात. सागवान इतरांपेक्षा कमी फुगतं. किनवट-माहूरकडच्या सागवानाला आपल्याकडे एवढा मान आहे, तो उगाच नाही.

आणि पावसाळा नसताना, ऐन मे महिन्यात अडला तर? मग कूलर कुठं ठेवलाय ते बघ. बाहेर पारा 42च्या वर, आणि आपण खोलीत दिवसभर ओला वारा सोडून बसतो, तोही नेमका टेबलावर. कूलरचं तोंड फिरव. टेबलही भिंतीला चिकटवू नकोस, चार बोटं जागा सोड. जुन्या मातीच्या भिंतीला तर सोडच सोड.

आता कामाला लाग. ड्रॉवर आधी रिकामा कर. बांगड्यांचे डबे, इस्त्री केलेले ब्लाऊज, लग्नाचा अल्बम, सगळं एकाच ड्रॉवरमध्ये कोंबलं की तळाची पातळ प्लाय खाली झोळते आणि खालच्या पट्टीवर घासते. तसं असेल तर ड्रॉवर उलटा करून तळ खाचेत परत बसव आणि वजन कमी कर. आतही हात घालून बघ. मागं पडलेली एखादी पिन किंवा टिकल्यांचं पाकीट एवढंसुद्धा ड्रॉवर अडवायला पुरतं.

तरी अडतोय? मग पोरांच्या दप्तरातला खडू घे. बाजूच्या फळ्यांना, वरच्या-खालच्या कडांना भरपूर फास. ड्रॉवर आत ढकल, जाईल तिथवर, आणि बाहेर काढ. जिथला खडू पुसला गेला तिथंच तो घासतोय. बहुतेक वेळा मागच्या कोपऱ्यात बोटभर जागा निघते, बाकी ड्रॉवर निर्दोष असतो. खडू पुसून तेवढ्याच जागेवर पॉलिश पेपर हलक्या हाताने, लाकडाच्या रेषेच्या दिशेने फिरव. मग मेणबत्ती दाबून घास. खालच्या पट्टीवरही घास, ती नेहमी विसरली जाते. साबणानेही सरकतो, पण साबण ओल धरतो, म्हणून मी मेणाच्या बाजूची. खोबरेल तेल मात्र अजिबात नको. लाकूड ते पितं, वर धूळ बसते, आणि आतल्या साड्यांवर डाग पडतात ते वेगळंच.

रंधा मारायची घाई करू नकोस. ऐन पावसात, फुगलेल्या लाकडावर मापात रंधा मारला तर उन्हाळ्यात तोच ड्रॉवर खुळखुळा वाजतो. आत्ता घासणाऱ्या जागेवर पेन्सिलीने खूण करून ठेव. दिवाळीच्या साफसफाईला लाकूड सुकलेलं असेल; तेव्हाही थोडा अडत असेल, तर त्या खुणेपुरताच रंधा मारून घे. दिवाळीत नीट चालला तर काहीच करायचं नाही. मिस्त्री हसेल, हसू दे.

लोखंडी चॅनेलवरचा ड्रॉवर असेल तर गोष्ट वेगळी. तो पूर्ण बाहेर ओढ. दोन्ही बाजूंना काळ्या प्लॅस्टिकची छोटी कळ दिसेल. एका बाजूची वर, दुसऱ्या बाजूची खाली, दोन्ही एकदम दाब, ड्रॉवर सुटून हातात येतो. जुनं काळं ग्रीस कोरड्या फडक्याने पूस आणि शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब टाक. स्क्रू सैल होऊन भोक मोठं झालं असेल तर गुल काढलेली आगकाडी फेविकॉलमध्ये बुडवून भोकात बसव, रात्रभर सुकू दे, मग स्क्रू पिळ. गोळ्याच गळून पडल्या असतील तर चॅनेलची जोडीच बदल. दुकानात जाताना जुनी पट्टी सोबत ने. लांबी इंचात असते, आणि ड्रॉवरच्या दोन्ही बाजूंना साधारण अर्धा-अर्धा इंच जागा लागते.

भुशाच्या बोर्डचं टेबल असेल आणि कड पाण्याने फुगली असेल, तर मात्र त्यावर पैसे घालू नकोस. ती कड परत बसत नाही. घासलीस तर भुसा निघत राहील. तेवढ्या ड्रॉवरची खोकी कुणाकडून प्लायची करून घे, समोरची फळी तीच वापर.

महालक्ष्म्यांच्या आधी हे उरकून घे, साड्या-दागिने काढायचे असतात. आणि मेणबत्ती साधी पांढरीच घे बरं का, रंगीत मेणाचा रंग कपड्यांना लागतो.