जुन्या मालमोटारीस डिस्क ब्रेक बसविताना

नाशिक जिल्ह्यातील लासलगावचा कांदा मोटारीने मुंबईस नेताना अनेकदा कसारा घाट उतरावा लागतो. भरलेली जुनी मालमोटार उतारावर सतत ब्रेक दाबून चालविल्यास ड्रम तापून फुगतात, ब्रेकची पकड कमी होते व पेडल खोल जाते. डिस्क ब्रेकची तबकडी उघड्या हवेत फिरत असल्याने लवकर निवते. तथापि केवळ तबकडी बसवून भागत नाही. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकच्या बाबतीत पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. नव्या पुढील ॲक्सलची व पाट्यांची भारक्षमता जुन्याहून कमी नसावी.

२. डिस्कला अधिक दाब लागतो. म्हणून बूस्टर व जुळणारा मास्टर सिलिंडर घ्यावा.

३. ड्रमसाठी नळीत दाब राखणारी झडप पुढील मार्गातून काढावी. अन्यथा पॅड घासत राहतात.

४. मागील चाके आधी जखडल्यास गाडी आडवी फिरते. यास्तव दोन्हीकडील ब्रेकचा तोल साधावा.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदलास मनाई आहे. म्हणून खर्च करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करण्याचा सल्ला कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांस द्यावा.

ब्रेक कोणताही असो, घाट खालच्या गिअरमध्येच उतरावा.